व्यायामाच्या वर्गाला पहिल्यांदाच जायचे आहे, कोणता निवडावा?

अबोली

सर्वांना नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि नोकरीसाठी रोज दादरला जाते. वय ४३. शाळेतली कवायत सुटल्यापासून मी ठरवून असा व्यायाम कधी केलेला नाही. गेल्या महिन्यात कार्यालयातील आरोग्य तपासणीत रक्तदाब १३६/८८ निघाला. साखर ठीक आहे, पण वजन उंचीच्या मानाने बरेच वाढले आहे आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने नियमित व्यायाम करून पुन्हा दाखवायला सांगितले आहे. ‘वर्ग कशाला हवा, रोज चालत जा’ असे घरचे म्हणतात. परंतु एकटीने ठरवलेले चालणे माझ्याकडून चार दिवसांपलीकडे कधीच टिकले नाही. कोणी तरी आपली वाट पाहत आहे असे असले, की मी वेळेवर हजर असते, म्हणून वर्गच हवा आहे.

घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर तीन सोयी आहेत. सकाळी सहा वाजता एका सोसायटीच्या सभागृहात योगवर्ग भरतो. संध्याकाळी साडेसातला एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस झुंबा, म्हणजे गाण्यांवर नाचत करायचा व्यायाम, असतो. तिसरी सोय जिमची, परंतु तिचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते आणि त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी मी एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले होते. पहिल्याच दिवशी ट्रेनरने मला ट्रेडमिलवर उभे केले, वेग वाढवला आणि फोनवर बोलत तो दुसऱ्या खोलीत निघून गेला. यंत्र थांबवायचे कसे हे मला कोणी सांगितलेच नव्हते. मी दांडा घट्ट धरून धावत राहिले, हात घामाने निसटू लागले, तेव्हा शेजारच्या एका मुलीच्या लक्षात आले आणि तिने येऊन लाल बटण दाबले. त्या दिवसानंतर मी तिकडे पाऊल टाकलेले नाही.

योग आणि झुंबा यांपैकी नवख्या माणसाने आधी कशाला जावे? रक्तदाबाचे आणि गुडघ्याचे शिक्षकांना सांगावे का, की सांगितल्यावर ते घेणारच नाहीत? मध्येच जमेनासे झाले तर थांबलेले चालते का? कपडे कोणते घालावेत, हेही मला खरोखरच ठाऊक नाही.

ताम्हण

अबोलीताई, मी पुण्यात गेली सतरा वर्षे योग शिकवते. तरीही ‘योगच निवडा’ असे मी डोळे झाकून म्हणणार नाही, कारण योगवर्ग या एकाच पाटीखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एखाद्या वर्गाची सुरुवातच वेगात घातलेल्या बारा सूर्यनमस्कारांनी होते. ज्या बाईने पंचवीस वर्षांत हातांवर वजन घेतलेले नाही तिची मनगटे आणि कंबर दुसऱ्या दिवशी दुखणारच. एखाद्या वर्गात अर्धा वेळ कपालभाती चालते, आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी ती जोरात करू नये हे सांगायचे राहून जाते. याउलट काही वर्गांत पहिला महिना केवळ नीट उभे कसे राहावे, श्वास न कोंडता कसे वाकावे, यातच जातो. नवख्याला तो वर्ग संथ वाटतो, परंतु शरीर तिथेच तयार होते.

माझे शिक्षण अय्यंगार पद्धतीत झाले. ही पद्धत घडवणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. या पद्धतीचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते साधनांचे स्थान. पट्टा, लाकडी वीट, लोड, घडी केलेली घोंगडी, साधी पत्र्याची खुर्ची: ज्याचे शरीर आसनापर्यंत पोहोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणून पोहोचवायचे, म्हणून ही साधने. उदाहरणार्थ, सुप्त पादांगुष्ठासनात उताणे झोपून एक पाय उभा उचलायचा आणि हाताने त्याचा अंगठा धरायचा असतो. खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या माणसाचा हात पोटरीपर्यंतही जात नाही. मग आपण तळपायाला पट्टा लावतो, त्याची दोन्ही टोके हातात धरतो, आणि दुसऱ्या पायाचा तळवा भिंतीला टेकवून ठेवतो. मान सैल राहते, खांदे जमिनीवर राहतात, मांडीची मागची बाजू सावकाश मोकळी होते. शेजारची बाई अंगठा धरते आहे की पट्टा, याने त्या क्षणी काहीही फरक पडत नाही.

तेव्हा नावावरून निवडू नका. पैसे भरण्याआधी एक तास नुसते बसून पाहण्याची परवानगी मागा, आणि ती मिळाली नाही तर तो वर्ग सोडून द्या. बसलात की आसनांकडे कमी आणि शिक्षकांच्या नजरेकडे जास्त पाहा. ते पुढे आपल्या सतरंजीवर स्वतःच सगळे करून दाखवत असतात, की उठून रांगांमधून फिरतात? एखादीला जमत नसेल तर तिला दुसरा मार्ग देतात, की ‘हळूहळू जमेल’ म्हणून पुढे जातात? पाठीवर हात ठेवून कोणाला खाली दाबत असतील तर तिथे जाऊ नका. हात लावण्याआधी विचारणारा शिक्षक वेगळा ओळखू येतो. आजार पहिल्याच दिवशी, वर्ग सुरू होण्याआधी, बाजूला घेऊन सांगायचे. मासिक पाळीचे दिवस असतील तर तेही संकोच न करता सांगावे, कारण आमच्या पद्धतीत त्या दिवसांत उलटी आसने टाळून वेगळा क्रम दिला जातो. हे ऐकून जो शिक्षक प्रवेश नाकारेल त्याच्याकडे तुम्ही जाऊ नये हेच बरे.

कपड्यांचे सांगायचे तर अंगाला फार घट्ट नाही आणि वाकल्यावर तोंडावर येणार नाही असा कुर्ता, खाली ट्रॅक पँट. ओढणी घरी ठेवा. पाय अनवाणी लागतात. पोट रिकामे असावे. सकाळी सहाच्या वर्गाआधी चहा घेतला तरी चालतो, नाश्ता मात्र नंतर.

सह्यवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताम्हण यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गुडघ्याची. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. मांडीचे पुढचे स्नायू दुबळे असले की तो भार नीट पेलला जात नाही, आणि तुमच्या वर्णनात तशी शक्यता दिसते. परंतु न तपासता मी निदान करणार नाही. वर्ग सुरू करण्यापूर्वी एकदा गुडघा दाखवून घ्या. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर हे दाखवणे पुढे ढकलू नका. वज्रासनात दुखले तर बसू नका आणि कोणी आग्रह केला तरी बसू नका.

दुसरी गोष्ट ताकदीची, आणि इथे माझा थोडा मतभेद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. संथ योगवर्गात आणि झुंबात हा दुसरा भाग अपुरा राहू शकतो. त्यासाठी जिमच लागते असे नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठायचे आणि त्याहून सावकाश बसायचे, दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. ओट्यावर हात टेकून तिरके जोर काढायचे. एवढ्यानेही सुरुवात होते. मात्र कोणताही जोर लावताना श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब त्या क्षणापुरता झपाट्याने चढतो. जोर लावताना श्वास सोडायचा.

श्रम किती करावेत हे ओळखण्याची सोपी खूण अशी, की बोलता यावे पण गाता येऊ नये. एका दमात चार शब्दही बोलता येईनात, तर पहिल्या महिन्यात तेवढा वेग तुमच्यासाठी जास्त आहे. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, घेरी, थांबल्यावरही न शमणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आंबून येणे हे मात्र वेगळे. ते साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते आणि आपोआप उतरते.

जिममध्ये जे घडले त्यात तुमची काहीच चूक नव्हती. ट्रेडमिलला लाल दोरीची एक चिमटी असते. ती कपड्याला लावली, की माणूस मागे सरकताच दोरी ओढली जाते आणि पट्टा थांबतो. नवख्या माणसाला पट्ट्यावर उभे करण्याआधी ती चिमटी लावून देणे, आणि थांबवायचे कसे हे त्याच्याकडून एकदा करवून घेणे, हे ट्रेनरचे पहिले काम आहे.

वसईची_सून

झुंबाच्या बाजूने कोणी बोललेले नाही, म्हणून मी लिहिते. चार वर्षांपूर्वी माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती आणि मी झुंबापासूनच सुरुवात केली.

बाहेरून पाहिले की सगळ्यांना नाचता येते आणि आपल्यालाच येत नाही असे वाटते. आत गेल्यावर कळते, की तीच ती गाणी महिनाभर फिरून फिरून येतात आणि पावले थोडीच असतात. कोलंबियाच्या बेटो पेरेझ यांनी हा प्रकार सुरू केला. मेरेंगे, साल्सा, कुंबिया आणि रेगेटॉन हे त्याचे चार मूळ ताल. त्यांतले मेरेंगे म्हणजे जवळजवळ जागच्या जागी चालणे, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी जमते. पहिले दोन आठवडे मी फक्त पाय धरले आणि हात खालीच ठेवले; हात नंतर आपोआप आले. उडी जिथे असेल तिथे नुसते पाऊल टाकायचे.

जागेबद्दल एक अनुभवाची गोष्ट सांगते. लाजून अगदी शेवटच्या रांगेत उभ्या राहू नका. काही गाण्यांत सगळा वर्ग मागे वळतो आणि शेवटची रांग पहिली होते, समोर पाहायला कोणीच उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेला, शिक्षकांची पावले दिसतील अशी जागा घ्या.

तुमच्या गुडघ्यासाठी दोन गोष्टी पाहून घ्या. हॉलची फरशी गुळगुळीत आणि घट्ट आहे की खाली लाकूड आहे, ते पाहा. बुटांच्या तळाला खोल खाचा नकोत, कारण गिरकी घेताना बूट फरशीला चिकटून राहतो, शरीर वळते आणि पीळ गुडघ्याला बसतो. शिक्षकांकडे झुंबाचा परवाना आहे का, हेही विचारा. आपल्याकडे गाण्यावरच्या कोणत्याही व्यायामाला सरसकट झुंबा म्हणतात. ‘झुंबा गोल्ड’ नावाची संथ बॅच मिळाली तर तुमच्यासाठी तीच योग्य.

अबोली

दहा दिवसांनी लिहिते आहे. आपण सर्वांनी इतके सविस्तर सांगितलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

गुडघा दाखवला. सूज नाही, वाटीमागचा भाग दुखावलेला आहे आणि मांडीचे स्नायू दुबळे आहेत, असे सांगितले. खुर्चीचा व्यायाम त्यांनीही दिला.

दोन्ही वर्ग बसून पाहिले. झुंबाच्या बाई चांगल्या आहेत, परवानाही आहे, आणि हॉलमधला आनंद मला मनापासून आवडला. परंतु गेल्या आठवड्यात मी तीनपैकी दोन दिवस लोकलमुळे आठनंतर घरी पोहोचले. मी पोहोचूच शकत नाही असा वर्ग कितीही चांगला असला तरी आज माझ्या उपयोगाचा नाही.

सकाळच्या योगवर्गात अकरा बायका होत्या. शिकवणाऱ्या काकू साठीच्या आहेत. त्या दिवशी एक बाई मध्येच थांबून कुशीवर आडवी झाली. काकूंनी बाकीच्यांचे अंक मोजणे न थांबवता तिच्या डोक्याखाली घोंगडीची घडी सरकवली आणि पुढच्या आसनाला ती स्वतःहून उठली. कोणी वळून पाहिले नाही. ते पाहून मी तिथेच एका महिन्याचे पैसे भरले. वर्षाचे भरले नाहीत.

रक्तदाबाचे सांगितल्यावर काकूंनी वहीत माझ्या नावापुढे लिहून घेतले. खाली वाकायच्या आसनात मला हात टेकायला खुर्ची दिली. तळपायाला पट्टा लावून पाय उचलला तेव्हा तो थरथरत होता, पण उभा राहिला. आज चौथा दिवस झाला आणि मांड्या इतक्या आंबल्या आहेत की लोकलच्या पायऱ्या चढताना दांडा धरावा लागला. अशात खाडा करावा का? आणि शनिवारच्या झुंबाला आताच जाऊ का?

सह्यवाट

खाडा नको. उद्या काकूंना सांगून हलके करा, थोडे चालाल तर आखडलेपण लवकर जाईल. झुंबाचे तीन-चार आठवड्यांनी, गुडघ्याचा अंदाज घेऊन ठरवू. रक्तदाब आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे शांत बसल्यावर, मोजून लिहून ठेवा. तीन महिन्यांनी डॉक्टरांना त्या नोंदी फार उपयोगी पडतील.

अबोली

लिहून ठेवते. शेजारच्या इमारतीतल्या एक बाईही त्याच वर्गाला येतात, हे काल कळले. उद्या पावणेसहाला त्या खालून हाक मारणार आहेत.