पीएनजीत मराठी नावं का येत नाहीत

वर विचारलंय की नाशिकच्या कांदा भावाचा आलेख ब्राउझरमध्ये झकास दिसतो, पण पीएनजी (चित्राची फाइल) उतरवली की नुसते खांब येतात, बाजार समित्यांची नावं गायब. कॅनव्हास (ज्यावर आलेख उमटवून पीएनजी बनते ती ब्राउझरमधली पाटी) मोठा करा असं एकाने सुचवलंय. त्याने रेघा सुबक होतील, नावं काही येणार नाहीत.

आधी ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये पानाचा कोड बघा. 'लासलगाव' हे एसव्हीजीच्या (आलेख ज्या कोडने काढलाय त्याच्या) टेक्स्ट टॅगमध्ये आहे, की आलेखावर ठेवलेल्या डिव्हमध्ये (पानाच्या वेगळ्या चौकटीत)? डिव्ह असेल तर ते चित्रात येणार कुठून? टेक्स्टमध्ये आणा.

टेक्स्ट असूनही फॉन्ट बदलत असेल, तर कारण हे: पीएनजी करताना एसव्हीजी इमेज म्हणून लोड झाली की पानाची सीएसएस (दिसण्याचे नियम) आणि वेबफॉन्ट तिला मिळत नाहीत. रंग, आकार गेटकम्प्युटेडस्टाइल या फंक्शनने वाचून टॅगवरच लिहा, फॉन्टची फाइल बेस६४ (साध्या अक्षरांचा मजकूर) करून एसव्हीजीतल्याच स्टाइल टॅगमध्ये भरा. नाहीतर 'पिंपळगाव बसवंत' शेजारच्या नावावर चढून बसतं.

आणि खरी गोम आपल्या लिपीची: एसव्हीजीच्या मजकुराला थेट बीटूए (मजकूर बेस६४ करणारं ब्राउझरचं फंक्शन) लावलं की देवनागरी अक्षरावर ते एरर देतं, कारण त्याला फक्त लॅटिन-१ (इंग्रजीसारख्या रोमन लिपीच्या अक्षरांचा संच) चालतं. इंग्रजी नावांवर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. त्याऐवजी ब्लॉब (ब्राउझरच्या मेमरीतली फाइल) करून त्याची यूआरएल इमेजला द्या.