इंजिनच्या कूलंटवर अंघोळीचं पाणी: प्लेट हीट एक्स्चेंजर कसा जोडावा?

रानवाट:
डिझेल फोर बाय फोर आहे, मागे ४० लिटरची पाण्याची टाकी बसवलेली आहे. केबिन हीटरकडे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नेणाऱ्या होजमध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (यात पातळ प्लेटांच्या दोन बाजूंनी गरम कूलंट आणि पाणी न मिसळता वाहतात आणि पाणी तापतं), १२ व्होल्टचा डायफ्राम पंप (रबरी पडद्याने पाणी ढकलणारा) आणि शेवटी हातशॉवर अशी कायमची सोय करायची आहे. तीन गोष्टींवर अडलंय. एक्स्चेंजर किती प्लेटांचा घ्यावा? पंप नेमका कुठे बसवावा? आणि गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवून पाणी पुरेसं तापतं का?

तेलकट_हात:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचं त्यावरच ठरतं. २० अंशांचं पाणी ४० वर न्यायचं आणि शॉवरला मिनिटाला ४ लिटर हवं, तर साधारण ५.६ किलोवॉट उष्णता सतत लागते. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, डिझेल इंजिन कूलंटला एवढं देत राहत नाही. गाडी चालवून थांबल्या थांबल्या पाणी छान येतं, कारण इंजिनच्या धातूत आणि कूलंटमध्ये उष्णता साठलेली असते. ती ओढून झाली की पाणी कोमट होत जातं. आरपीएम १२०० ते १५०० वर धरा आणि केबिनचा ब्लोअर बंद ठेवा, नाहीतर तीच उष्णता केबिनमध्ये जाते.

त्यामुळे २० ते ३० प्लेटांचा ब्रेझ्ड (प्लेटा धातूने सांधलेला) स्टेनलेस एक्स्चेंजर पुरतो. त्याहून मोठा घेऊन उपयोग नाही, कमतरता इंजिनाच्या उष्णतेची असते, प्लेटांची नव्हे. कूलंट एका टोकाने आत, तर पाणी दुसऱ्या टोकाने आत, म्हणजे दोन्ही प्रवाह उलट दिशेने वाहिले पाहिजेत. एकाच दिशेने जोडलं तर त्याच एक्स्चेंजरमधून कमी तापलेलं पाणी मिळतं.

जोडणी हीटरकडे जाणाऱ्या गरम होजमध्ये करा. होज बहुधा १६ किंवा १९ मिमीचा असतो, आधी मोजा. काही गाड्यांत हीटरचा नॉब थंडवर नेला की व्हॉल्व्ह कूलंटच अडवतो. अशा गाडीत एक्स्चेंजर ओळीत असेल तर अंघोळीच्या वेळी नॉब पूर्ण गरमवर हवा. काम झालं की हीटर उघडा ठेवून कूलंट भरा आणि हवा काढा. हवा अडकली तर पाणी तापत नाहीच, वर इंजिन तापतं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

बारा_व्होल्ट:
पंप थंड बाजूला, टाकी आणि एक्स्चेंजरच्या मध्ये. कढत पाण्याने डायफ्राम आणि आतले रबरी व्हॉल्व्ह लवकर जातात. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच, वाळूचा एक कण व्हॉल्व्हखाली बसला तरी दाब धरत नाही. बॅटरीपासून पंप ५ मीटरवर असेल आणि तो १० अँपिअर ओढत असेल, तर २.५ चौरस मिमीच्या वायरीत जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट पडतात. ४ चौरस मिमी घ्या. फ्यूज बॅटरीजवळ.

आता खरा धोका. मोठ्या पंपाला बारीक शॉवर लावला की प्रेशर स्विच (दाब वाढला की पंप थांबवणारा) सारखा चालू-बंद होतो. पंप थांबला तेवढ्या वेळात एक्स्चेंजरमधलं पाणी कूलंटच्या तापमानाकडे, म्हणजे ८०-९० अंशांकडे सरकतं, आणि पुढच्या झटक्यात तेच अंगावर येतं. ६० अंशांचं पाणीही पाच सेकंदांत कातडी भाजतं. म्हणून मिनिटाला ४-५ लिटरचाच पंप घ्या, शॉवर पूर्ण उघडा ठेवा आणि पाणी स्विचने बंद करा. पुन्हा चालू केल्यावर पहिलं लिटरभर जमिनीवर सोडून द्या. शॉवरच्या दांड्यावर नळ असेल तर एक्स्चेंजरनंतर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह लावा, कारण नळ बंद असताना तापून फुगलेल्या पाण्याला वाट मिळत नाही आणि जोड सुटतात.

झरा:
बादलीचा मार्ग जास्त भरवशाचा. १० लिटर पाणी बादलीत घ्या, पंपाचा पाइप बादलीत टाका, एक्स्चेंजरमधून निघालेलं पाणी परत बादलीत सोडा. ४ किलोवॉट मिळाले तरी २० अंश चढायला साडेतीन मिनिटं लागतात. थर्मामीटर ४० दाखवू लागला की परतीच्या पाइपाला शॉवर लावा. बादलीतलं पाणी ४५ च्या पुढे गेलं नाही तर पंपाला काही होत नाही. इंजिन बंद करूनच अंघोळ करा. त्याने इंजिनाचा धूरही टळतो आणि पाणी मध्येच बदलत नाही. फक्त पहिलं लिटरभर इथेही बादलीतच सोडा.

रानवाट:
बादली नको असेल तर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून चालेल का? म्हणजे विसण घालायचं काम तोच करील.

तेलकट_हात:
चालेल, ३८-४० वर लावा. थंड पाण्याची फांदी पंपाच्या पुढूनच काढा, म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा राहतो. दोन्ही वाटांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) हवेत, नाहीतर गरम पाणी थंड लाइनमध्ये शिरतं. शेवटी एक: ही लाइन पिण्याच्या पाण्यापासून वेगळी ठेवा. एक्स्चेंजर आतून गळला तर कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यात येतं, ते विषारी आहे. कूलंटची पातळी विनाकारण उतरताना दिसली किंवा शॉवरच्या पाण्याला रंग किंवा गोडसर वास आला, तर लाइन बंद करून एक्स्चेंजर बदला. कडाक्याच्या थंडीत गाडी उभी राहणार असेल तर पाण्याची बाजू पूर्ण रिकामी करा, बर्फाने प्लेटा फाटतात.