अनुभव धागा: गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपची बिनपगारी ॲडमिनगिरी, शिव्या आणि शाबासकी

माडाखालचा:
फोन भरला म्हणून जुने फोटो पुसत होतो, तर चवथीच्या (गणपतीच्या) वर्गणीच्या पावत्या निघाल्या आणि त्यावरून ग्रुपवर पेटलेलं सगळं आठवलं. तपशील सोडा, गावोगावी तेच. गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे ॲडमिन आहेत इथे. टीका आली की काय करता, कौतुक आलं की काय करता? उपदेश नको, युक्त्या लिहा.

सुरुवात हिशेबापासून. मागणाऱ्याला "विश्वास नाही काय?" असं विचारायचं नाही, त्याने मागायच्या आधीच टाकायचा. पावत्यांचे फोटो टाका, पण जमा-खर्च-शिल्लक टाइपही करा. फोटोतला आकडा पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही. वर्गणी एकाच्या खाजगी यूपीआयवर घेतली की त्याच्या पेट्रोलचे पैसेही त्याच पासबुकात. मग ते दाखवणार कुणाला? दोन सह्यांचं वेगळं खातं काढा.

पोदेर पहाटेचा:
दुसऱ्याचा मेसेज ॲडमिनने पुसला की कुणी पुसला ते नावानिशी दिसतं. निम्मी भांडणं त्या एका ओळीची. म्हणून आधी फोन: "बाब, तूच पूस." पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत असते. कुणाचा नंबर, बायकांचे फोटो, मारण्याची भाषा असेल तर मात्र फोनबिन नाही, आधी पुसा.

खाजें:
हेच लिहिणार होते. उत्तर व्हॉइस नोटने देऊ नका, लेखी द्या. लेखी 15 मिनिटांत दुरुस्त करता येतं, आवाज चढलेला तसाच राहतो आणि चार ग्रुपांत फिरतो. गॅसवर हुमण (माशाची आमटी) आहे, येते मागाहून.

दुबईतला भाचा:
गोव्यात रात्री 12 वाजतात तेव्हा इथे साडेदहा. एक ॲडमिन आखातातला ठेवाच. रात्री पेटलं तर "फक्त ॲडमिन लिहितील" हे चालू करायचं, पण सकाळी किती वाजता उघडणार ते आधी लिहून. नाहीतर "आमचं तोंड बांधलं" ही नवीन तक्रार. बांगडे येतात काय रे तिथे?

घुमट-शामेळ:
31 जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर खा.

कुळागरातली:
कौतुकाचं कुणी लिहीत नाही! "धन्यवाद, धन्यवाद" अशा ऐंशी मेसेजांखाली पाण्याच्या टँकरची वेळ गाडली जाते. अंगठा दाबा म्हणून सांगायचं. आभाराची यादी ही तर सुरुंगच, एक नाव सुटलं की ते घर वर्षभर बोलत नाही. यादी आदल्या रात्री दोघांना वाचायला द्या, एक मांडवाकडचा आणि एक स्वयंपाकाकडची. भांडी घासणाऱ्या बाया नेहमी सुटतात. आणि "ॲडमिन ग्रेट" आलं तर ज्याने काम केलं त्याच्या नावाने पुढे पाठवा.

माडाखालचा:
ताई, भांड्यांचं शंभर टक्के!

तिठ्यावरचा:
16 जानेवारी, म्हणजे गोव्याच्या जनमत कौलाचा दिवस, जवळ आली की मराठी-कोकणी वाद येणारच. 1967 चा कौल महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर होता, भाषेवर नव्हे. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा, पण सरकारी कामात मराठीलाही मुभा. एवढं ॲडमिनने सकाळीच टाकावं, मग माणशी एक मेसेज, संध्याकाळपर्यंत. अडवलं तर लोक वेगळा ग्रुप काढतात.

पोदेर पहाटेचा:
नियम पिन करू नका, 30 दिवसांत उतरतात आणि "नियम होते कुठे?" सुरू. ग्रुपच्या माहितीत लिहा. "पोलिसांत जातो" म्हणणाऱ्यांसाठी: सभासदाने काही टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. संगनमत असलं तर गोष्ट वेगळी. स्वतः फॉरवर्ड केलं तर ते तुमचंच.

घुमट-शामेळ:
आणि घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट (मातीचं वाद्य) विकायला कुणी टाकलं तर लगेच पुसा. संरक्षित प्राणी आहे. आता बकरीचं लावतात.

दुबईतला भाचा:
बकरीचं पावसात सैल पडतं ना रे?

घुमट-शामेळ:
पडतं. वाजवण्याआधी शेकायचं.

खाजें:
हुमण लागलं खाली. काय काय झालं मधे?