विद्यावेतन आणि शिक्षण
‘काम शिकवून वर पैसेही देणे लहान कारखानदाराला परवडत नाही’ या मताला थोडी पुस्ती जोडतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ६,००० रुपये ठरवले आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रोत्साहन योजनेतून त्याचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

माझी हरकत निराळीच आहे. मी फिटरची उमेदवारी केली तेव्हा, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावल्यावर फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत लोखंडी ठोकळा कानशीने घासण्यातच पहिले दोन महिने गेले, आणि हात बसला तो तिथेच. पुढे ज्या कारखान्यात गेलो, तिथे मात्र नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात स्क्रू आवळायला उभे करत. पगारपत्रकावर त्यालाही प्रशिक्षणच म्हणत.