मदत हवी आहे: ड्रॉइंगवर प्रोजेक्शनचं चिन्हच नसेल तर तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ, सात माणसं. गेल्या महिन्यात एकाच ऑर्डरचे ३६ जॉब स्क्रॅपमध्ये गेले आणि वर डेबिट नोट (नुकसान आमच्या बिलातून वळतं करण्याची नोटीस) आली. असं पुन्हा होऊ नये म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

जॉब साधाच. ईएन८ पोलादाचा ठोकळा, समोरच्या तोंडावर चार भोकं, बाजूच्या तोंडावर ८ मिमी खोल पॉकेट (खाच). ड्रॉइंगमध्ये समोरचा व्ह्यू आणि त्याच्या उजवीकडे बाजूचा व्ह्यू, त्यात पॉकेट अखंड रेषेत, म्हणजे त्या बाजूनं थेट दिसणारं. प्रोग्राम करणाऱ्या पोरानं ते शिकल्याप्रमाणे फर्स्ट अँगल या प्रोजेक्शनच्या पद्धतीनं (कुठून बघितलेला व्ह्यू कुठे काढायचा त्याचा नियम) वाचलं. व्ह्यू उजवीकडे काढलाय, म्हणजे डावीकडून बघितलंय. पॉकेट डाव्या तोंडावर बसलं. ड्रॉइंग निघालं थर्ड अँगलचं, म्हणजे उजवीकडचा व्ह्यू उजवीकडूनच बघितलेला! भोकं मध्यावर नसल्यामुळे ठोकळा कसाही फिरवला तरी जुळेना.

पोराला मी बोललो नाही. आपल्याकडे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) एसपी ४६ या ड्रॉइंगच्या पुस्तिकेप्रमाणे फर्स्ट अँगलच शिकवतात, चिन्ह दिसलं नाही तर तो दुसरं काय समजणार? मूळ ड्रॉइंग अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाचं. आम्हाला काम देणाऱ्या मधल्या पार्टीनं त्यातले व्ह्यू उचलून स्वतःचा टायटल ब्लॉक (शीटवरची माहितीची चौकट) असलेल्या शीटवर चिकटवले. त्यात प्रोजेक्शनची पद्धत सांगणारं कापलेल्या शंकूचं ते छोटं चिन्ह गळालं. शिवाय शीट स्वच्छ दिसावं म्हणून हिडन लाइन (आड गेलेल्या कडा दाखवणाऱ्या तुटक रेषा) बंद केलेल्या. त्या तुटक रेषा असत्या तर समोरच्या व्ह्यूमध्ये पॉकेट उजव्या कडेला दिसलं असतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली असती. पॉलिटेक्निकला आमचे सर एक तुटक रेषा राहिली तरी अख्खं शीट परत करायचे. तेव्हा फार राग यायचा. आज त्यांचं म्हणणं मनापासून पटतंय.

दुसरी गोष्ट यापेक्षा जास्त घाबरवणारी आहे. नंतर मागून घेतलेलं मूळ ड्रॉइंग इंचात होतं. त्याच्या टायटल ब्लॉकमध्ये लिहिलं होतं की दशांशानंतर दोन अंक असतील तर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०१ इंच, तीन असतील तर ±०.००५. म्हणजे १.५० आणि १.५०० ही तिथे दोन वेगळी मापं. शेवटचं शून्य शोभेचं नाही, टॉलरन्स त्यावर ठरतो. मिमीत बदलताना दोन्हीचं ३८.१ झालं. आम्ही सवयीनं आयएसओ २७६८-एम (मापाला वेगळा टॉलरन्स दिलेला नसेल तेव्हा धरायचं जनरल टॉलरन्सचं मानक) धरलं, त्यात या मापाला ±०.३ मिमी. खरी गरज एका ठिकाणी ±०.२५४ मिमीची आणि दुसऱ्या ठिकाणी ±०.१२७ मिमीची. पॉकेट बरोबर बाजूला मारलं असतं तरी जॉब नापास व्हायची शक्यता होतीच.

पार्टी म्हणते, "स्टेप फाइल दिली होती ना, ती उघडून बघायची." बघायला हवी होती, ते मान्य. पण त्यातल्या थ्रीडी मॉडेलमध्ये टॉलरन्स नव्हता, आणि पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) तर "ड्रॉइंगप्रमाणे" असंच लिहिलंय.

आता विचारायचं ते असं. ड्रॉइंग हातात आल्यावर कोटेशन देण्याआधी तुम्ही काय काय तपासता? चिन्ह, एकक, जनरल टॉलरन्स यातलं काही नसेल तर काम थांबवून लेखी विचारता का, आणि त्यापायी गिऱ्हाईक तुटलंय असं कधी झालंय का? आमच्यासारख्या छोट्या शॉपला ही भीती खरी आहे. कोटेशनमध्येच "चिन्ह नसल्यास फर्स्ट अँगल धरला जाईल" अशी ओळ टाकली तर डेबिट नोटच्या वादात ती टिकते का? कुणी टाकत असेल तर कृपया नेमके शब्द द्या.

आणखी एक. आयएसओ २७६८चा दुसरा भाग (सपाटपणा, काटकोन वगैरेंचा) २०२१ मध्ये मागे घेतला आणि त्या जागी आयएसओ २२०८१ आलं, तरी बहुतेक ड्रॉइंगवर अजून "२७६८-एमके" असतं. यातला 'के' त्याच दुसऱ्या भागातला. अशा ड्रॉइंगला सपाटपणा, काटकोन कशावरून तपासायचा?

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पोरांना जॉमेट्रिक टॉलरन्स (आकारात आणि जागेत चालणारा फरक) मराठीतून, खरा जॉब हातात देऊन शिकवणारं कुणी कोल्हापूर-सांगलीकडे माहीत आहे का? दर शनिवारी दुपारी दोन तास मशीन बंद ठेवायची माझी तयारी आहे. स्क्रॅपमधले ते ठोकळे भंगारात दिलेले नाहीत, शिकवायला तेच वापरू.

याच पार्टीचं पुढचं ड्रॉइंग येत्या आठवड्यात येतंय. त्याआधी काही सुचवलंत तर फार उपकार होतील.