मुंबई ते न्यूयॉर्क विमानाला नक्की किती तास लागतात? आई एकटी जातेय

अमळनेरकर:
नमस्कार मंडळी, आई वय ६२, ताईच्या बाळंतपणासाठी जूनमध्ये न्यूयॉर्कला चाललीय, डायरेक्ट फ्लाइट आहे पण सोबत कोणी नाही. तिकिटावर मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार आणि त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोचणार असं आहे. म्हणजे सहाच तास?? जळगावहून मुंबईला रेल्वेनेच तेवढे जातात, पटत नाही. आईला शुगर आहे, गोळ्या आणि जेवणाचं टायमिंग बसवायचंय म्हणून विचारतोय. ती कालपासून एकच म्हणतेय, "इतलं दूर मी एकली कशी जासू?"

तापीकाठ:
भाऊ, सहा नाही, साडेपंधरा तास! तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, त्या सहात हे साडेनऊ मिळवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे करतात, मग फरक साडेदहाचा. अंतर सरळ मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटर, जळगाव-मुंबई सव्वाचारशे धरा म्हणजे त्याच्या तीसपट झालं. येताना मात्र तास-दीड तास कमी लागेल कारण वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, जाताना ते समोरून येतात आणि येताना मागून ढकलतात.

चोपड्याची लेक:
दादा, शुगर आहे तर हे आधी बघा. माझ्या आईच्या वेळी आम्ही घड्याळ बघूनच गोळ्या ठरवल्या आणि तिकडे उतरल्यावर तिला सकाळच्या गोळ्या परत घ्यायच्या की काय असं वाटायला लागलं, कारण तिकडे सकाळ पण आपल्याकडे संध्याकाळचे पाच! कोणती गोळी कधी हे डॉक्टरांकडून आधीच मराठीत कागदावर लिहून घ्या, आणि हातातलं घड्याळ विमानात बदलू नका म्हणावं, उतरल्यावरच बदलायचं. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात गोठू शकतं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. आणि व्हीलचेअर तिकीट काढणाऱ्याकडूनच आत्ता सांगून ठेवा, चालता येत असलं तरी सांगा, तो माणूस इमिग्रेशनपर्यंत सोबत राहतो, एकट्या बाईला त्याचा फार आधार वाटतो. एवढ्या वेळ बसून पाय सुजतात, दर दीड-दोन तासांनी उठून जरा चालायला सांगा.

अमळनेरकर:
खूप खूप धन्यवाद ताई, तापीकाठ भाऊ. आत्ताच आईला वाचून दाखवलं, साडेपंधरा ऐकून घाबरली नाही उलट म्हणे मग कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) चार भाकरी जास्त करते. गोळ्यांचा कागद उद्याच डॉक्टरांकडून करून घेतो, व्हीलचेअरचं पण आजच सांगतो.