ईटॅब्सचं मॉडेल सरांकडे देण्याआधी काय काय तपासायचं?

नवखा_वागळे: वागळे इस्टेटच्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत ट्रेनी आहे. तळ + ११ मजली निवासी इमारत, उंची ३६ मीटर. इमारतीवरचे भार आणि ताकद तपासणाऱ्या ईटॅब्स सॉफ्टवेअरमध्ये रन केल्यावर एकही एरर येत नाही, तरी मॉडेल लाल पेनाच्या खुणांनी भरून परत येतं. देण्याआधी काय बघावं?

कॉलमपट्टी: एरर नाही म्हणजे फक्त गणित सुटलं. लोड टाकायचा राहिला, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? आधी एक मधला कॉलम हातानं काढ. ४ × ४.५ मीटरचा भाग त्याच्यावर येतो, म्हणजे १८ चौरस मीटर. भिंती, बीम सगळं धरून चौरस मीटरला ढोबळ १२ किलोन्यूटन घे. मजल्याला २१६, बारा स्लॅबचे सुमारे २,६००. फॅक्टर न लावलेली बेस रिअ‍ॅक्शन (कॉलमच्या तळाशी येणारा भार) १,८०० दिसली तर बहुधा भिंती टाकायच्या राहिल्यात.

सगळ्यात जास्त विसरतात ते टॉयलेटच्या सन्क (खाली उतरवलेल्या) स्लॅबचं भरण. ३०० मिमी खोली, भरणाचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं तर ५.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. खोलीचा लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) २ असतो, त्याच्या अडीचपटीहून जास्त! बाल्कनीला मात्र किमान ३ घ्यायचा, २ नाही.

ऐरोली_सेक्टर: भूकंपाचं राहिलं. आय.एस. १८९३ (२०१६) या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे ठाणे-नवी मुंबई झोन ३, Z (झोनचा गुणांक) = ०.१६. मास सोर्समध्ये (भूकंपासाठी धरायच्या वजनात) ३ पर्यंतचा लाइव्ह लोड २५ टक्के, त्यावरचा ५० टक्के, गच्चीचा शून्य. इनर्शिया (वाकण्याला होणारा विरोध) कॉलमला मूळच्या ०.७० पट, बीमला ०.३५ पट. भिंती असलेल्या इमारतीचा पिरियड (एका डोलण्याचा वेळ) ०.०९h/√d; h म्हणजे उंची, d म्हणजे त्या दिशेची तळाची लांबी. d १६ मीटर असेल तर ०.८१ सेकंद. X आणि Y ला d वेगळा, दोन्हीकडे एकच आकडा चिकटवू नका. रिस्पॉन्स स्पेक्ट्रम पद्धतीचा बेस शिअर (तळाशी येणारं भूकंपाचं आडवं बल) स्टॅटिक पद्धतीपेक्षा कमी आला तर तेवढा स्केल करायचा, हे तर ठरलेलंच. मग मोड (इमारतीचे डोलण्याचे प्रकार) अ‍ॅनिमेट करून बघा. एखादा बीम एकटाच फडफडताना दिसला तर त्याचं टोक कॉलमला जोडलेलंच नाही.

नवखा_वागळे: भरणच राहिलं होतं. आणखी एक, २३० मिमी रुंद बीममध्ये २० मिमीच्या ४ सळया एका थरात दाखवल्या तर चालतील?

फिटरचा_शत्रू: मांडून बघा. कव्हर (रिंगेबाहेरचं काँक्रीट) ३०, रिंग ८ मिमी, दोन्ही बाजूंचे मिळून ७६. २३० − ७६ = १५४. सळयांचे ८० गेले, ७४ उरले, तीन फटी, प्रत्येकी २४.७ मिमी. २० मिमी खडीला किमान २५ लागते, म्हणजे इथेच नापास. त्यात साइट खाडीलगत, एक्स्पोजर सिव्हिअर (गंजाचा धोका जास्त) असेल तर कव्हर ४५ आणि काँक्रीट किमान एम ३० ग्रेडचं; तेव्हा फट १४.७ वर येते. खडी वरच अडकते, खाली हनीकॉम्ब (पोकळ्या). दोन थर करा, पण मग इफेक्टिव्ह डेप्थ (बीमच्या वरच्या कडेपासून सळयांपर्यंतची खोली) कमी होते, डिझाइन परत तपासा.

बीम कॉलमच्या बाहेरच्या कडेला मिळवलाय का, तेही बघा. तिथे बीमच्या सळयांना कॉलमच्या सळयांच्या आतून जावं लागतं, जागा आणखी आवळते. जॉइंटमधल्या कॉलमच्या रिंगा ड्रॉइंगवर स्पष्ट दाखवा. बीमचा पिंजरा वरून सोडायला अडचण होते म्हणून साइटवर त्याच सर्वात आधी गायब होतात. हुक १३५ अंशाचा, पुढचं टोक सळईच्या ६ पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नको. ८ मिमीच्या रिंगेला ६ पट म्हणजे ४८च होतात, तेव्हा शेड्यूलमध्ये (सळयांच्या तक्त्यात) ६५ लिहा.